माळ्यावरच्या पिशवीतून आठवणी सोडवताना

ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा घर रिकामं करायला दीड महिना मिळाला होता. कपाटं, भांडी, देव, पुस्तकं, सगळ्यांची सोय लागली. शेवटी माळ्यावर एक कापडी पिशवी उरली. आत एकवीस सीडी-डीव्हीडी, दोन बंद नोकिया, एक डिजिटल कॅमेरा, तीन पेनड्राइव्ह आणि जुन्या संगणकातून काढून वर्तमानपत्रात गुंडाळलेली हार्ड डिस्क. भंगारवाला दारात काटा घेऊन उभा. आई म्हणाली, "थांब रे, त्यात ह्यांचं काहीतरी असेल." काय असेल ते तिलाही सांगता येईना.

पिशवी भाड्याच्या घरी आली आणि पुढचे सहा महिने माझे रविवार तिच्यात गेले. ठाण्यात सध्या जुन्या इमारती भराभर रिकाम्या होताहेत, वाशी-नेरुळकडेही तेच चाललंय, म्हणजे माळेही रिकामे होताहेत. म्हणून काय केलं ते चुकांसकट लिहून काढतोय. मी संगणकवाला नाही, बँकेत कारकुनी करतो. त्यामुळे मला जमलं ते कुणालाही जमेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. फाइल परत मिळवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे तिच्यात कोण आहे, कुठलं आहे, कधीचं आहे हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर ते लिहून घेणं. पहिलं काम पैसे टाकून दुकानात करून घेता येतं, दुसरं नाही.

आधी फक्त गोळा करा

एक खोका घ्या आणि घरभर फिरा. लग्नाच्या अल्बमच्या शेवटच्या कप्प्यात स्टुडिओने दिलेली सीडी असते. शाळेच्या स्नेहसंमेलनाची डीव्हीडी प्रमाणपत्रांच्या फायलीत असते. जुने मोबाइल किल्ल्यांच्या डब्यात, मेमरी कार्डं शिवणाच्या डब्यात, पेनड्राइव्ह देवघराच्या खणात. भावाकडे, आत्याकडे फोन करून विचारा. आमच्या मुंजीची एकमेव प्रत डोंबिवलीला मामाच्या टीव्हीखाली निघाली.

सापडलेल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या आणि साध्या शंभरपानी वहीत नोंद करा: क्रमांक, वस्तू, कुठे सापडली, वर काय लिहिलंय. सीडीवर चिकटपट्टी लावू नका आणि बॉलपेनने लिहू नका. लिहायच्या बाजूला, अगदी वरच्या थराखालीच, माहिती साठवलेली असते. तिथे ओरखडा गेला तर खालच्या चकचकीत बाजूच्या ओरखड्यापेक्षा जास्त नुकसान होतं. क्रमांक पाकिटावर घाला.

या टप्प्यावर काहीही लावून बघायला बसायचं नाही. मोह होतोच. मी पहिल्याच दिवशी भाच्याला घेऊन बसलो आणि काय झालं ते पुढे येईलच.

सामान थोडंच लागतं. एक टीबीची, म्हणजे हजार जीबीची, नवी बाह्य हार्ड डिस्क, यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह, एक कार्ड रीडर. जुनी हार्ड डिस्क असेल तर तिला यूएसबीत जोडणारा कन्व्हर्टर. एका टीबीत दोनशे भरलेल्या डीव्हीडी मावतात, म्हणजे जागेची चिंता नको. स्टेशनाजवळच्या दुकानांत बाकी सगळं मिळालं, जुन्या हार्ड डिस्कचा कन्व्हर्टर तेवढा मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणावा लागला.

सीडी आणि डीव्हीडी

घरी बर्न केलेली सीडी म्हणजे रंगद्रव्याच्या थरावर लेझरने पाडलेले डाग. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी तो थर उतरतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीही धरते. म्हणून सगळ्यात आधी सुरुवात इथून करायची.

तबकडी पुसायची ती मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोलगोल पुसलं तर पडणारा ओरखडा माहितीच्या ओळीबरोबर धावतो आणि एक अख्खा तुकडा घेऊन जातो. मी बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा वापरला, इतकं मऊ कापड बाजारात मिळत नाही.

लग्नाची व्हीसीडी संगणकात उघडली तर आत बरेच फोल्डर दिसतात आणि माणूस गोंधळतो. एमपीइजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट प्रकारची मोठी फाइल असते, तेच तुमचं लग्न. डीव्हीडी असेल तर व्हिडिओ-टीएस फोल्डरमधल्या व्हीओबी फाइली. मोठा व्हिडिओ साधारण एकेक जीबीच्या तुकड्यांत कापलेला असतो. काहीही निवडत न बसता अख्खी तबकडी तिच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये उतरवा. हे सगळं व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये चालतं.

हॅंडीकॅमच्या लहान, आठ सेंटिमीटरच्या डीव्हीडी असतील तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तबकडी फटीतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये त्या घालू नका, अडकतात. आणि रिकाम्या दिसल्या तर टाकू नका. चित्रण झाल्यावर कॅमेऱ्यात "फायनलाइझ" करायचं राहून गेलं असेल तर संगणकाला त्यात काहीच दिसत नाही; आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर मात्र वाचतं.

एखादी तबकडी एका ड्राइव्हमध्ये वाचली जात नसेल तर दुसरा ड्राइव्ह वापरून बघा. आमच्या एकवीसपैकी चार घरी वाचल्या गेल्या नाहीत, त्यातल्या दोन शेजाऱ्यांच्या वीस वर्षं जुन्या संगणकाने निमूटपणे वाचल्या.

कार्ड, पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क: आणि माझी चूक

कॅमेऱ्याचं कार्ड रीडरमध्ये घातलं. पडद्यावर पाटी आली, ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? मी चष्मा शोधत होतो. भाच्याने "हो" दाबलं.

ही पाटी आली की "नाही" म्हणायचं. कधीही, कुठल्याही कार्डाला. त्याआधी, एसडी कार्ड असेल तर त्याच्या डाव्या कडेला एक चिमुकली सरकपट्टी असते, ती खाली "लॉक"कडे सरकवली की कार्डावर काही लिहिलंच जात नाही. ही पट्टी मला पंधरा वर्षं माहीत नव्हती.

सुदैवाने झटपट फॉरमॅटमध्ये फोटो पुसले जात नाहीत, त्यांची अनुक्रमणिका तेवढी पुसली जाते. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, दिसायला काळ्या पडद्याचं आणि रुक्ष, पण कामाला चोख. अट एकच: सापडलेले फोटो त्याच कार्डावर साठवायचे नाहीत, दुसऱ्या डिस्कवर काढायचे. तीनशे बारा फोटो परत आले. पण फाइलींची आणि फोल्डरांची मूळ नावं गेली. "दापोली", "नवं घर", "ताईचं डोहाळजेवण" असे बाबांनी कार्डावर करून ठेवलेले फोल्डर होते म्हणे. आता एफने सुरू होणारे लांबलचक आकडे आहेत.

जुन्या कॅमेऱ्यांत एक्सडी कार्ड किंवा मेमरी स्टिक असते आणि त्यांचे रीडर सहज मिळत नाहीत. मग कॅमेराच केबलने संगणकाला जोडा.

हार्ड डिस्कचं तोंड बघा. रुंद पट्ट्यासाठी दोन ओळींत खूप टोचे असतील तर ती आयडीई, इंग्रजी एल आकाराची सपाट खाच असेल तर साटा. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही. सोबत १२ व्होल्टचा अडॅप्टर मिळतो तो कन्व्हर्टर घ्या. डिस्क लावल्यावर टकटक असा ठराविक ठोका ऐकू आला तर लगेच बंद करा. पुन्हापुन्हा लावून बघण्यात आहे तेही जातं. अशी डिस्क फक्त माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे द्यायची. ते खर्चिक असतं, म्हणून आत काय असू शकतं याचा घरात आधी विचार करा. आमची डिस्क मात्र चालली. "माय डॉक्युमेंट्स"मध्ये बाबांचं नाव आणि आत सात फोल्डर.

कॉपी झाली की मूळ आणि प्रत दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते बघा. टेराकॉपी हे सॉफ्टवेअर कॉपी करतानाच पडताळणीही करतं. मग त्या फोल्डराचं नाव "मूळ" ठेवा आणि त्याला हात लावू नका. पुढचं सगळं काम दुसऱ्या प्रतीवर.

जुने मोबाइल

फुगलेली बॅटरी असेल तर चार्जरला लावायचीच नाही. दाबायची नाही, टोचायची नाही, वेगळी काढून ई-कचऱ्यात द्यायची. नोकियाच्या बीएल-५सी बॅटऱ्या तर २००७ साली कंपनीनेच मागे बोलावल्या होत्या, ४ कोटी ६० लाख. तेव्हा आपल्याकडे लोक बॅटरी काढून तिच्यामागचा क्रमांक तपासत होते ते आठवत असेल. त्याच मापाची बॅटरी लहान रेडिओ-स्पीकरांत अजून चालते, त्यामुळे नवी सहज मिळते. चार्जरची पिन जाड की बारीक तेवढं बघून घ्या.

फोटो आणि व्हिडिओ बहुतेक वेळा बॅटरीमागच्या कार्डात असतात. व्हिडिओ ३जीपी प्रकारचे, रुंदी जेमतेम १७६ ठिपके. हल्लीच्या फोनवर पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसतात. व्हीएलसीत चालतात; घरच्यांना पाठवायला हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरने एमपी४ प्रत करा, पण मूळ ३जीपी ठेवाच. आवाजाच्या एएमआर फाइलीही मूळ रूपात ठेवाच.

फोनमधल्या एसएमएसचं काय करायचं यावर मी दोन रविवार घालवले. केबल, सॉफ्टवेअर, चालक प्रोग्रॅम, कशाचं कशाला जुळेना. शेवटी बायको म्हणाली, नवीन फोनने पडद्याचा फोटो काढ की. एकशे चाळीस मेसेज, एका तासात संपले. त्यात एक आईला पाठवलेला: "कोथिंबीर मिळाली नाही पुदिना आणतो." विरामचिन्हाशिवाय, रोमन लिपीत.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अडकलेले आवाज

आजच्या आठवणींचं माळं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. आजी-आजोबांचे आवाज हल्ली तिथेच असतात. अँड्रॉइड फोनमध्ये फाइल मॅनेजर उघडा आणि अँड्रॉइड, मग मीडिया, मग कॉम-डॉट-व्हॉट्सअ‍ॅप असं आत जात राहा. मीडिया फोल्डरमध्ये व्हॉइस नोट्सचा वेगळा फोल्डर आहे, ओपस प्रकारच्या फाइली, आठवड्यांप्रमाणे लावलेल्या. पण त्या फाइलीवरून बोलणारं कोण हे कळत नाही. म्हणून महत्त्वाच्या माणसाची चॅट त्या चॅटच्या मेनूतून मीडियासह एक्सपोर्ट करा. सोबत एक मजकूर फाइल येते, तिच्यात कुणी केव्हा काय पाठवलं ते ओळीने असतं. फार लांबलचक चॅट असेल तर त्यात सगळं येत नाही, फक्त अलीकडचं येतं. म्हणून फोल्डरही उतरवून घ्याच.

फोटोंबाबत एक फसगत. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि फोटोच्या पोटातली तारीख काढून टाकतं. फाइलीच्या नावातली तारीख ही फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला त्या दिवसाची. १९८४ चं लग्न तिथे २०१७ चं होतं. नातेवाइकांकडून जुने फोटो मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं सांगा, मग फाइल आहे तशी येते.

बंद पडलेली खाती

ऑर्कुट हे फेसबुकसारखं संकेतस्थळ ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, तिथली टेस्टिमोनियल्स, म्हणजे मित्रांनी आपल्याबद्दल लिहिलेले चार शब्द, गेली ती गेली. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० ला गेले. गूगलची पिकासा ही फोटोंची सोय २०१६ ला थांबली, पण तिथे चढवलेले अल्बम गूगल फोटोजमध्ये असू शकतात, त्याच खात्याने आत जाऊन बघा. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून पुसू लागलं आहे. म्हणून घरात कुणाचंही जुनं जीमेल असेल तर आधी लॉगिन करा, मग टेकआउट या सोयीने सगळं उतरवून घ्या. आणि जुन्या ईमेलच्या "पाठवलेले" खान्यात जरूर डोकवा. परदेशातल्या भावंडाला पाठवलेले फोटो तिथे अजून तसेच असतात.

मराठी फाइल उघडते आणि चिनी दिसते

या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण यात कुणी मदत करत नाही.

हार्ड डिस्कवर "कुलाचार" नावाची वर्डची फाइल होती. उघडली तर सगळी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, अधूनमधून चलनाची चिन्हं. भाचा म्हणाला, करप्ट झालीय. झालेली नव्हती. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या आजच्या प्रमाण पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्याकडची टायपिंगची दुकानं, कचेऱ्या आणि घरं त्यानंतरही कित्येक वर्षं श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, आयएसएम या जुन्या पद्धतीच्या फॉंटांवर चालली. या पद्धतीत संगणक साठवतो इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक, फक्त फॉंट त्या जागी "क" किंवा "वेलांटी"चं चित्र दाखवतो. फॉंट नसेल तर आतला सांगाडा उघडा पडतो.

करायचं असं. फाइल वर्डमध्ये उघडा, मजकूर निवडा आणि वर फॉंटच्या चौकटीत काय नाव येतं ते वाचा. फॉंट संगणकात नसला तरी नाव दिसतं. आमच्या फाइलीत श्री-देव-०७१४ होतं, म्हणजे श्रीलिपी. "डीव्हीबी-टीटी"ने सुरू होणारं नाव असेल तर आयएसएम. तो फॉंट बसवला की मजकूर लगेच वाचता येतो. त्याच क्षणी त्याची पीडीएफ करून ठेवा. मग त्या विशिष्ट फॉंटचा युनिकोड कन्व्हर्टर शोधा. कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही, नुसता नवा कचरा तयार होतो. आणि घरगुती, खासगी मजकूर असेल तर शक्यतो संगणकावर उतरवून चालणारा कन्व्हर्टर घ्या, कुठल्याही संकेतस्थळावर तो मजकूर चिकटवू नका.

रूपांतरानंतर पीडीएफ शेजारी ठेवून ओळन् ओळ ताडून बघायची. चुका ठरलेल्या जागी होतात: रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं. आमच्या फाइलीत नवरात्राच्या नैवेद्यापाशी "अधीर् वाटी तूप" असं आलं. अर्धी वाटीचा रफार घसरून पुढे गेलेला. आई तेवढ्यावर खूप हसली, आणि मग म्हणाली, "अर्धी नाहीच, पाऊण. मी तेव्हाच ह्यांना सांगितलं होतं." ती दुरुस्ती मी फाइलीत केली नाही, खाली टीप म्हणून तारखेसह घातली.

सोसायटीची स्मरणिका, मंडळाचा अहवाल असल्या गोष्टी पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. तो चालणारा जुना संगणक एखाद्या छापखान्यात अजून असतो. पेनड्राइव्ह घेऊन जा आणि फक्त पीडीएफ करून मागा.

तारीख कशी ठरवायची

आमच्या कॅमेऱ्यातले सगळे फोटो १ जानेवारी २००४ पासून सुरू होतात. कॅमेऱ्याची बॅटरी बराच काळ बाहेर राहिली की घड्याळ शून्यावर येतं आणि ते कुणी परत लावत नाही. पण एका बैठकीतल्या फोटोंमधलं आपापसातलं अंतर खरं असतं. एका फोटोची खरी तारीख मिळाली की तेवढाच फरक सगळ्यांना लावता येतो. एक्सिफटूल किंवा डिजिकॅम ही सॉफ्टवेअर हे काम एका फटक्यात करतात.

ती एक तारीख मिळवायला पंचांगासारखं साधन नाही. फोटोत गणपती बसलेला होता. गणेश चतुर्थी २००५ ला ७ सप्टेंबर, २००६ ला २७ ऑगस्ट, २००७ ला १५ सप्टेंबर. ताईची मुलगी २००६ च्या जूनमधली, आणि फोटोत ती चौरंगाला धरून उभी आहे. म्हणजे २००७. पुढचे सव्वाशे फोटो आपोआप लागले.

बाकी खुणा फोटोतल्या माणसांच्या मागे शोधायच्या. भिंतीवरचं कालनिर्णय मोठं करून बघा, महिना तरी कळतो. दुकानाच्या पाटीवर रुपयाचं नवं चिन्ह असेल तर फोटो जुलै २०१० नंतरचा. अहेराच्या ताटात दोन हजारांची नोट असेल तर नोव्हेंबर २०१६ नंतरचा. ठाणे स्टेशनात वाशीच्या लोकलची पाटी असेल तर २००४ च्या आधीचा नाही.

काय ठेवायचं, काय नाव द्यायचं

एकूण चौदा हजारांवर फाइली निघाल्या. त्या सगळ्या "मूळ"मध्ये राहू द्या, डिस्कला त्याचं ओझं नाही. तंतोतंत दुहेरी असलेल्या ड्यूपगुरूसारखं सॉफ्टवेअर शोधून देतं, तेवढ्याच कामाच्या प्रतीतून काढा. वेगळा "निवडक" फोल्डर करा आणि त्यात तीनशेच्या वर जाऊ नका. माणसं बघतात ती तीनशेच बघतात.

माझं मत विचाराल तर केक कापतानाचे फोटो कमी घ्या. सगळ्यांच्या घरी ते सारखेच असतात. केकच्या मागे ओट्यावर काय मांडलंय, ठोकळा टीव्हीवर कुठलं क्रोशाचं पांघरूण आहे, गॅलरीतून समोरची कौलारू चाळ दिसतेय का, ते बघा. आमची गॅलरी आता जमिनीपासून पंधरा फुटांवरची नुसती हवा आहे. तिचे मुद्दाम काढलेले फोटो दोन, आणि चुकून आलेले एकोणतीस.

नाव देताना सुरुवातीला इंग्रजी आकड्यांत वर्ष-महिना-दिवस, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. पुढे प्रसंग, जागा, माणसं. उदाहरणार्थ: 2007-09-15_गणपती_नौपाडा_आत्या-बाबा. मराठीत नाव द्यायला आता अडचण येत नाही, फक्त फार लांबवू नका. तारीख नक्की नसेल तर वर्षानंतर "अंदाजे" लिहा. खोटी नेमकी तारीख घालण्यापेक्षा ते बरं.

आईला टीव्हीसमोर बसवून

निवडक फोटो टीव्हीवर लावायचे, फोनचं रेकॉर्डर चालू करून मध्ये ठेवायचं आणि फोटोचा क्रमांक मोठ्याने बोलायचा. "एकशे चार. ही कोण?" एवढंच. एका वेळी चाळीस फोटो पुरे, पाऊण तासानंतर माणूस थकतं. उत्तर नसलं तर पुढे जायचं, खोदायचं नाही. दोन दिवसांनी भाजी निवडताना आपोआप आठवतं. आईने एकशे चारला सांगितलं, "ही आपली नाही. ही कोपरीहून दूध घालायला यायची, त्या दिवशी प्रसादाला थांबली होती." ते रेकॉर्डिंग फोटोच्याच नावाने त्याच फोल्डरात ठेवा.

कुणाचे आजारपणातले, भांडणातले, दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्या माणसाला विचारा. आधार कार्डाचे स्कॅन, बँकेची कागदपत्रं वेगळी काढा.

प्रती किती, कुठे

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ठाणे-कल्याणकडचे तळमजलेही बुडाले. ज्यांच्या दोन्ही प्रती एकाच कपाटात होत्या त्यांना दोन प्रतींचा काही उपयोग नव्हता. आमची एक डिस्क घरी, एक पुण्याला बहिणीकडे, आणि फक्त "निवडक" क्लाउडवर. गूगलचे फुकट १५ जीबी त्याला पुरतात.

डिस्क झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या घालून, वरच्या खणात. पेनड्राइव्हवर विसंबू नका. वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिला की त्यातला विजेचा भार हळूहळू गळतो. आमच्या घरी दसऱ्याला शस्त्रपूजेत पाना-पक्कड, आईची कात्री आणि माझा लॅपटॉप असतो. आता डिस्कही असते. झेंडू वाहिला की ती लावायची, आठ-दहा फाइली उघडून बघायच्या, वर्षभराचं नवीन भरायचं. पाच-सहा वर्षांनी नवी डिस्क.

आणि तीस-चाळीस फोटो कागदावर छापून मागे पेन्सिलीने नावं लिहा. इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ यांनी २०१५ मध्ये हाच सल्ला दिला होता: खरोखर जपायचे फोटो छापून ठेवा.

पासवर्ड एका बंद पाकिटात, पाकीट कुठे आहे ते दोघांना माहीत. गूगलमध्ये निष्क्रिय खात्याची सोय आहे. तीन ते अठरा महिन्यांची मुदत ठरवून त्यानंतर खातं कुणाच्या हाती जावं ते लिहून ठेवता येतं. आयफोनमध्येही वारस संपर्क नेमता येतो. दहा मिनिटांचं काम आहे.

भंगारात देण्याआधी

सगळं झाल्यावर पिशवी पुन्हा भरली. चालणाऱ्या हार्ड डिस्कला झटपट नव्हे तर पूर्ण फॉरमॅट करा, न चालणारीला ड्रिलने भोक पाडा, आणि सगळं अधिकृत ई-कचरा संकलनात द्या. काटा घेऊन येणाऱ्याला नको.

फोन देण्यापूर्वी फाइलींव्यतिरिक्त काय आहे तेही बघा: फोनबुकातली नावं कशी लिहिलीत, न पाठवलेले मेसेज, वाढदिवसांच्या नोंदी. वस्तू क्रमांक सात, बाबांचा नोकिया, नव्या बॅटरीवर सुरू केला तेव्हा त्याने आधी वेळ आणि तारीख विचारली. मी ती घातली, फोनबुक वहीत उतरवलं आणि फोन टेबलावर ठेवून झोपलो. दुसऱ्या दिवशी पहाटे घरभर तो वाजला. बाबा तुर्भ्याला पहिल्या पाळीला जायचे. आई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी होती, दिवा न लावता.

वहीत सातच्या पुढे लिहिलं: गजर ५.१०, रोज. फोन दिला नाही.